चिंधाकाकांच्या गाडीतली गाठ

मित्रांनो, गाडीच्या वायरी तपासणारा मी एक जुना दिवा. भेस्तानच्या लोटूमिस्त्रींनी मला घडवले. कापड विणायच्या मागावरची रिकामी कांडी ही माझी मूठ, गोणी शिवायचे दाभण हे टोक आणि पोटात स्कूटरचा बल्ब. माझ्या वायरीचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावून दाभण वायरीत टोचले, की वीज असेल तर मी पेटतो. पंधरा वर्षे मी मिस्त्रींच्या खिशात राहिलो. गिऱ्हाइके म्हणत, "तुमचा दिवा खोटं बोलत नाही."

पुढे दुकान त्यांच्या मुलीने, हर्षदाने, सांभाळले. तिने आकडे दाखवणारे मीटर आणले आणि मी खिळ्याला लटकलो. वाईट वाटले; पण मीटर हुशार होते, हेही खरे.

एका सकाळी चिंधाकाका आले. त्यांचा जन्म मागावर गेला, आता ते भाड्याची गाडी चालवतात. गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या स्क्रीनने वळण सांगायला तोंड उघडले, की ती काळी पडे.

"दुसरीकडचे दोघं मिस्त्री म्हणाले, हा स्क्रीनचा सेटच बदला," काका सांगू लागले. "अकराला कंपनीवाले गाडीत बसून बघणार. बारडोलीला नीट नेलं त रोजचं काम. माले पाट्या वाचता येत नाहीत वं पोरी. ही बाई बोलली नाही त मी भेस्तानातच फिरत राहीन."

हर्षदाने सेटमागचा प्लग काढून मीटर लावले. बारा व्होल्ट.

"वायर बरोबर आहे, काका. सेटच गेला असेल."

काकांचे तोंड उतरले.

"दिवा लावून बघ," लोटूमिस्त्री बाकावरून म्हणाले.

"बाबा, मीटर बारा दाखवतंय."

"दाखवू दे. त्याला कुठं वीज ओढावी लागते? दिव्याला लागते."

तिने माझे दाभण त्याच जागी टेकवले. मी पेटलो, पण विझत्या निखाऱ्यासारखा. हर्षदा थबकली. मग वायर धरून ती मागे मागे गेली. डॅशबोर्डच्या आत काळ्या टेपचा एक फुगवटा होता. त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला मी लख्ख, सेटकडच्या बाजूला मंद.

टेप सोडली, तर आत तांब्याच्या तारांची बारीक गाठ.

"ही कोणी मारली?"

"मीच," काका ताठ्याने म्हणाले. "देवीच्या फोटोपुढचा लाइट याच वायरीवर बसवला तेव्हा. तीस वर्षं मागावर गाठी मारल्या, एक सुटली नाही."

"हीपण सुटली नाही, काका. पण हे सूत नाही. आतल्या तारा काळ्या पडल्यात, दोन-तीनच टेकतात."

"म्हणजे कापड चांगलं झालं असतं," लोटूमिस्त्री हसले.

हर्षदाने तारा खरडल्या, पिळल्या, सोल्डर करून पक्क्या केल्या. मला पुन्हा टेकवले, तर मी असा पेटलो, की माझे मलाच नवल वाटले. पावणेअकराला स्क्रीन खणखणीत बोलली, "पुढे उजवीकडे वळा." आणि ती काळी पडली नाही.

"बोल बाई, बोल," म्हणत काका निघाले.

दुपारी त्यांचा फोन आला. "पोरी, बारडोलीला पोचलो. एक वळण चुकलं नाही. उद्यापासून या म्हणाले."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने अवजार असेल. ते पुसून, तेल देऊन ठेवा. आणि नवे यंत्र हात टेकेल, तेव्हा त्या जुन्याला एकदा काम सांगून बघा.