जवळजवळ आलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा निखळलाय, पाठीला चिकटपट्टी लावलीय. पण उगाच कीव करू नका, शब्द मी एकही विसरलेलो नाही.

परभणीच्या बाजारातून मला सिद्धोधन सरांनी आपल्या गावी, वालूरला आणलं. रोज संध्याकाळी ते लेकीला, रेणुकाला, शेजारी बसवून शब्द शिकवत. माझं एक पान तर त्यांच्या अंगठ्यानं काळं पडलंय. "निअर म्हणजे जवळ. निअरली म्हणजे जवळजवळ. अन् ध्यानात ठेव, जवळजवळ आलेला माणूस घरी आलेला नसतो." रेणुका खुदकन हसायची. तेव्हा माझा काय थाट होता!

पण आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस अजून गावाला निघालेला नसतो आणि फोनवर सांगतो, 'आलोच, वेशीपाशी आहे.' सरही त्यातलेच. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "जवळच हाय, ताट वाढ." त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, ताट वाढलं. सर तेव्हा परभणीतच होते. 'बोललो तर खरं, आता पोचलं पाहिजे,' म्हणून त्यांनी मोटारसायकल दामटली. रस्त्यात अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली त्यांना दिसली नाही.

तेव्हापासून सरजाबाई दिवेलागणीला दोन ताटं वाढायच्या. "जवळच हायत, येतीलच," म्हणत दाराकडे बघत बसायच्या आणि तशाच उपाशी झोपायच्या. पार वाळून गेल्या. मी भिंतीतल्या देवळीत धूळ खात हे बघत होतो. खोटं कशाला सांगू, दिवेलागणीला मला बोळात गाडी बंद झाल्याचा आवाज येतो. दारात चपला काढल्याचाही येतो. मग आत कोणीच येत नाही. मला फार भीती वाटते.

यंदा रेणुकाला कॉलेजसाठी परभणीला जायचं होतं. उपाशी आईला सोडून तिचा पाय निघेना. तिनं मला खाली काढलं, ओढणीनं पुसलं आणि ते काळं पान आईपुढं धरलं.

"माय, हा पप्पांचा अंगठा हाय. बघ."

सरजाबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी त्या डागावर आपला अंगठा टेकवला. "काय लिवलंय?"

"जवळजवळ. पप्पा म्हणायचे, जवळजवळ आलेला माणूस घरी आलेला नसतो."

सरजाबाईंनी अंगठा तसाच दाबून धरला. "म्हंजी ते आलेच न्हाईत की गं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मग रेणुकानं भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला.

आता रोज संध्याकाळी परभणीहून फोन येतो. "कुठं हायस?" सरजाबाई विचारतात. "लांब हाय, माय. तू जेव," रेणुका सांगते. मग त्या जेवायला बसतात.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाला जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. फोनवर 'आलोच' म्हणण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते बघा. तिकडं कोणीतरी ताट वाढायला उठलेलं असतं.

बोळात गाडी अजून थांबते. मला वाटायचं, ती मला एकट्यालाच ऐकू येते. काल ती थांबली, तेव्हा सरजाबाईंनी मान वर केली, थोडा वेळ दाराकडं बघितलं आणि पुढचा घास घेतला.