विंडसरचे आखूड खांब

माझी बायको मंगला गेल्यापासून आमच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मराठी फक्त रविवारी बोललं जातं. संध्याकाळी साडेपाचला माझी नात केतकी विंडसरहून व्हिडिओ कॉल करते. एरवी मासेवाल्याशी बंगाली आणि दरवानाशी हिंदी. घरात कुणाशीच काही नाही.

केतकी दहा वर्षांची. पूर्वी तासभर बोलायची, यंदा चार मिनिटांवर आली. हेही बंद पडू नये म्हणून मी एक युक्ती काढली. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं, उरलेली पुढच्या रविवारी. विंडसर मी पाहिलेलं नाही, पण बँकेत असताना न पाहिलेल्या गोदामांवर पानपानभर अहवाल लिहिलेत, त्यापुढे हे काय! तिथल्या राजवाड्याच्या गोल बुरुजावर मी पतंग उडवला, हे तिनं गिळलं. राजवाड्यापासून निघणारा अडीच मैलांचा सरळ रस्ता मी उलटा चाललो, राणीकडे पाठ नको म्हणून, हेही गिळलं.

मग नगरभवनाचे खांब आले. त्यांची दंतकथा मात्र तिथलीच. छत कोसळेल या धास्तीनं नगरपालिकेनं म्हणे जादा खांब मागितले. बांधणाऱ्यानं ते बांधले, पण छतापासून चार बोटं खाली. अजूनही काहीच न पेलता उभे आहेत. मी म्हटलं, त्या फटीत तुझ्यासाठी चिठ्ठी ठेवलीय. आणि थांबलो.

फोन ठेवल्यावर चूक लक्षात आली. खांब तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. ती बघणार, आणि मग कशाला फोन करील?

आठवडाभर स्टेशनातून सुटणाऱ्या लोकल ऐकत बसलो. रविवारी साडेपाच झाले, पावणेसहा झाले. सहाला फोन वाजला.

"आजोबा, मी बाबाच्या खांद्यावर बसून पाहिलं."

"बरं."

"बाबा म्हणाला, आजोबाकडे पासपोर्टच नाही."

मी चष्मा पुसायला घेतला.

"पण चिठ्ठी मिळाली," ती म्हणाली. "खूप धूळ होता तिच्यावर."

थाप मारताना माझी डावी भुवई वर जाते, असं मंगला म्हणायची. पडद्यावर केतकीची गेली होती.

"काय लिहिलंय गं?"

"ते नेक्स्ट रविवारी," म्हणाली, आणि पडदा काळा.

चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. फोन मांडीवर ठेवून मी तसाच बसून राहिलो. चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं, ते काही केल्या आठवेना.