दिवसा झालेलं नाटक

ज्योतीचं लग्न झालं ते साल दोन हजार दोन. तिचा बाप बाबू पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बोलला तो त्याच लग्नाच्या मांडवात, असं गावात अजून सांगतात.

तसा तो मुका नव्हता. हुबळीकडच्या अळणावरपासून दोन कोसांवर त्याचं गाव. दीड एकर भाताचं शेत, आणि भात निघालं की अळणावरच्या वखारीत लाकडाचे ओंडके चढवायला जायचं. घर, शेत, वखार. वखार, शेत, घर. घाण्याचा बैल तरी कधी मान वर करून बघतो, बाबू तेवढंही करत नसे. बोलायचं खातं बायकोकडे होतं. बांधावरून भांडायची ती सोनाबाई, बाजारात घासाघीस करायची ती सोनाबाई. ज्योतीला बघायला हुबळीची माणसं आली तेव्हा बाबू कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होता. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठं आहेत?"

"हे काय, बसलेत की," सोनाबाई म्हणाली. "फणसासारखे. पिकले की वास येईल, तेव्हा कळंल."

पाहुणे हसले. बाबूही हसला. लोकांनी आपल्याला हसावं याची त्याला सवय होती.

लग्नाच्या पंगतीत बायकांनी हट्ट धरला, की मुलीच्या बापानंही नाव घ्यायचं. सोनाबाई वाढता वाढता म्हणाली, "त्यांना काय नाव घ्यायला सांगताय? भजी किती खाल्ली ते विचारा." आणि बाबू पानावरून उठला. का उठला हे त्याला कधीच सांगता आलं नाही. तो म्हणाला,

"सागाला करवत, शिसवीला रंधा;
बोलायचं काम सोनाबाईकडं, माझा बंद धंदा!"

मांडव हसून हसून फुटला. व्याही उपरण्याने डोळे पुसू लागले. वाढपी हातातली बादली खाली ठेवून हसले. एक सोनाबाई तेवढी हसली नाही. बाबू खाली बसला. आजवर लोक त्याला हसत आले होते. आज त्याने लोकांना हसवलं होतं. एखाद्याला भूत लागावं तसं त्याला ते हसू लागलं.

पुढच्या चैत्रात गावदेवीची जत्रा होती. जत्रेला गावातलेच लोक नाटक करत. पात्र घ्यायचं तर भात द्यायचं, असा रिवाज. नायकाला दोन पोती, खलनायकाला दीड, बाकीच्यांना एक. त्या भातातून पडदे, लाऊडस्पीकरचे कर्णे आणि हुबळीहून येणारी नटी, सगळा खर्च निघे. नायकाचं पात्र त्या वर्षी महादेवने घेतलं. महादेव हा सोनाबाईचा पाठचा भाऊ. तीन जत्रा तो त्या पात्रासाठी टपून बसला होता. येड्या नोकराचं पात्र मात्र कुणी घेईना. पोतं देऊन वर येडं कोण होणार?

बाबू लक्ष्मण मास्तरांकडे गेला. हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर नाटक बसवत.

"बाबूअण्णा, तू? अरे, तुझ्या तोंडातून शब्द काढायला पकड लागेल."

"पकड नको मास्तर, पात्र द्या."

घरात भाताची रास कमी दिसली तेव्हा सोनाबाईने विचारलं, "पोतं कुठं गेलं?"

"पात्र घेतलं."

"कसलं?"

"येड्याचं."

"त्याला पोतं कशाला द्यायला पाहिजे होतं? तुम्हाला फुकट दिलं असतं की."

बाबूला वाचता येत नव्हतं. मास्तर वाचत, तो ऐके, आणि मग बैलांना, ओंडक्यांना, बांधावरच्या बोराटीला तीच वाक्यं ऐकवत फिरे. "मालक, मी चोरी केली न्हाई! वस्तूच माझ्या मागं लागली!" वखारीतले हमाल त्याच्याभोवती जमू लागले. इतकी वर्षं भाकरी नुसती पोटात जात होती, आता ती तोंडात लागू लागली. सकाळी डोळा उघडला की आपण जिवंत आहोत हे त्याला कळायचं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

एकच इच्छा होती. सोनाबाईने बायकांच्या बाजूला बसावं आणि एकदा, एकदाच, खळखळून हसावं.

"मी येणार न्हाई," ती म्हणाली. "घरात रोज बघते तेच बघायला तिथं कशाला येऊ?"

त्या साली पाऊस नव्हता, धरणं कोरडी, आणि खेड्यांना रात्री वीज नव्हती. पंपासाठी करंट सोडत तो दुपारी, बारा ते सहा. म्हणून नाटक दिवसा ठरलं. भर उन्हात रंगवलेली तोंडं, भर उन्हात टांगलेला राजवाड्याचा पडदा. सहा गावांची माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन बसली.

त्या दिवशी सकाळी सोनाबाई उठली नाही. डावा हात दुखतो म्हणाली, जबडा दुखतो म्हणाली. "छातीवर कुणीतरी जातं ठेवलंय असं वाटालंय." बाबू दारात उभा होता, अंगात येड्याचा ठिगळांचा सदरा.

"आज जाऊ नका म्हटलं तर?" ती म्हणाली.

तिने आजवर त्याला हुकूम सोडले होते, विचारलं कधी नव्हतं. बाबूच्या ते ध्यानात आलं. पण त्याला वाटलं, हाही टोमणाच. आपल्याला घरात कोंडून ठेवायची ही नवी तऱ्हा.

"हिराबाईला सांगून जातो. नाटक संपलं की आलो."

"जावा. तुम्हाला आता पंख फुटलेत."

शेजारच्या हिराबाईला सांगून तो गेला. वाटेत मागे वळून त्याने बघितलं नाही.

पहिल्या अंकात त्याने तोंड उघडलं आणि मैदान हललं. तो पडला, लोक हसले, उठला, हसले, नुसता उभा राहिला तरी हसले. हुबळीची नटी हेमावती मोलकरणीच्या सोंगात त्याला सुपाने बडवत होती, आणि प्रत्येक तडाख्याला तो नवं तोंड करी. पडद्यामागे आला तेव्हा तिने कौतुकाने विचारलं, "अण्णारं, किती वर्षं नाटकात आहात?"

"आजच जन्मलो अक्का," बाबू म्हणाला.

दुसऱ्या अंकात तो रंगमंचावर एकटा असताना हिराबाई पडद्यामागे आली. सोनाबाई मेली होती. बाबूला हे नाटक संपेपर्यंत कळलं नाही, पण ऐकणाऱ्याने इथेच ऐकावं, कारण त्या मैदानात त्याच्याखेरीज सगळ्यांना ते कळलं.

महादेव पत्र्याच्या ट्रंकेवर खाली बसला. "ताई गेली?" एवढं म्हणाला आणि थोडा वेळ आपल्या जरीच्या कोटाच्या गुंड्या बघत राहिला. मग उठला. "दाजीला सांगायचं न्हाई."

मास्तर म्हणाले, "अरे, सख्खी बहीण तुझी!"

"मग? आता सांगितलं म्हणून उठून बसंल काय ती? तिसरा अंक सगळा माझा हाय मास्तर. सहाला करंट जातोय. सहा गावं बसलीत."

"शिव शिव," हेमावती म्हणाली. "आता मी त्यांच्याबरोबर नाचू कशी?"

"नाचायलाच आणलंय तुम्हाला अक्का."

हेमावतीने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी हातातल्या वहीकडे. तिने चाळ बांधले आणि गेली.

हिराबाई बायकांच्या बाजूने घरी परतली, आणि बातमी तिच्या पदराला लागून गेली. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने मागे. नाचता नाचता बाबूला दिसलं, की हसू पातळ होतंय. मग दिसलं, एक बाई उठली, मग चार उठल्या, मग एक रांगच उठली. त्याला वाटलं, कंटाळल्या. आपलं संपलं. तो आणखी जोरात नाचला. कोलांटी मारली. हेमावतीची पावलं चुकत होती, तिचे डोळे भरले होते, पण ते त्याने बघितलंच नाही. तो मंचाच्या कडेला धावला आणि कमरेवर हात ठेवून ओरडला,

"अवो बायांनो, निघाला कुठं? कोण मेलं काय?"

मैदान गार पडलं. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि एकदा बांध फुटल्यावर काय राहतंय? हसू नये हे ठाऊक असूनही लोक हसले. पोट धरून हसले, तोंडात टॉवेल कोंबून हसले. हसता हसता काहींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी कसलं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग आयेरी सुरू झाली. आयेरी म्हणजे आहेर. पात्र आवडलं की नाटक थांबवून टॉवेल-नारळ द्यायचा आणि देणाऱ्याचं नाव कर्ण्यावर पुकारायचं, ही तिकडची पद्धत. एरवी आयेरी नायकाला आणि नटीला. त्या दिवशी येड्याला मिळाली. माणसं रांग लावून मंचावर आली, कीव करत त्याच्या गळ्यात टॉवेल घालत गेली. कुणी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. कुणी खांद्यावर थोपटलं. बाबूला वाटलं, ही आपल्या कलेची किंमत. रंगवलेलं तोंड टॉवेलांच्या ढिगातून वर काढून तो बायकांच्या रिकाम्या झालेल्या बाजूकडे बघत होता. सोनाबाई येईल, त्याने मनाशी म्हटलं. कर्ण्याचा आवाज घरापर्यंत जातोय. तिसऱ्या अंकाला तरी येईल.

तिसऱ्या अंकात महादेव रडला. खरं रडला. लोक म्हणाले, असा नायक झाला नाही.

नाटक संपलं. बाबू घामाने निथळत पडद्यामागे आला. "महादेवा, बघितलास? मास्तर, बघितलं काय?" महादेव पाठ फिरवून तोंडाचा रंग पुसत होता. शेवटी हेमावतीच पुढे झाली. "अण्णारं, मनीगे होगरी. अक्कार होग्यार." कानडीत ती सांगत होती, घरी जा, घरच्या अक्का गेल्या.

"कुठं गेली?" बाबूने विचारलं.

तो तसाच धावला. एक गाल पांढरा, एक तांबडा, भुवई कानशिलापर्यंत ओढलेली, अंगात ठिगळांचा सदरा. अंगणात बायका गळा काढून रडत होत्या. तो दारात उभा राहिला आणि रडणं थांबलं. त्या शांततेत एक बाई हसली. तिने लगेच पदर तोंडात घेतला, पण हसू बाहेर पडायचं ते पडलंच.

"मरताना काय म्हणाली?" त्याने हिराबाईला विचारलं.

"कर्ण्यावर तुमचं ऐकून हसत होती हो अण्णा," हिराबाई म्हणाली. विहिरीवर बायकांना मात्र तिने वेगळं सांगितलं, की शेवटच्या श्वासापर्यंत नवऱ्याला शिव्या घालत होती.

ज्योती दुसऱ्या दिवशी हुबळीहून आली, सातवा महिना घेऊन. तोवर गावाने आपलं अंग झटकलं होतं. बायको मेलेल्या माणसाला आपण नाचवलं आणि हसलो, हे घेऊन सहा गावं कशी झोपणार? म्हणून गोष्ट उलटी फिरली. लोक म्हणू लागले, बाबूला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर 'कोण मेलं काय' हे त्याच्या तोंडी आलं कसं? नाटकात ते वाक्य नव्हतंच. मास्तरांची वही बघा. आणि महादेवने देवीची शपथ घेऊन सांगितलं, "मी दाजींना पडद्यामागं सांगितलं होतं. तेच म्हणाले, अंक पुरा करू."

"न्हाई गं ज्योती," बाबू म्हणाला. "मला कुणी सांगितलं न्हाई. मास्तरांना विचार."

मास्तर अंगणातच बसले होते. त्यांनी जमिनीवर काडीने रेघ ओढली, आणि ती पुसली.

ज्योतीने बापाकडे बघितलं. त्याच्या कानामागे अजून पांढरा रंग होता. "तुम्ही बोलत नव्हता अप्पा, तवा तुमचं सगळं खरं वाटायचं," ती म्हणाली. "आता काय, तुम्ही नट झाला."

बारावं झाल्यावर ती गेली ती गेलीच. बाबू एकदा हुबळीला हेमावतीला शोधायला गेला. ती एकटीच खरं सांगेल असं त्याला वाटत होतं. नाटकवाल्यांनी सांगितलं, ती विजापूरकडच्या कंपनीत गेली, पत्ता नाही. परतताना तो ज्योतीच्या दारात उभा राहिला. सासूने ओट्यावर पाण्याचा तांब्या आणून दिला. आत बाळ रडत होतं. ज्योती बाहेर आली नाही. तो पाणी प्यायला, तांब्या पालथा ठेवला आणि बसस्टँडकडे चालू लागला.

पुढच्या जत्रेला मास्तर स्वतः त्याच्या घरी आले. "बाबूअण्णा, लोक अजून तुझं नाव काढतात. येड्याचं पात्र तुलाच ठेवलंय. यंदा पोतंही देऊ नकोस."

बाबू सुपारी कातरत राहिला. मास्तर उठून गेले तरी कातरत राहिला. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही. वखारीत नाही, शेतात नाही. गाव म्हणालं, सोंग करतोय, चांगलं जमतंय त्याला.

सोनाबाई दोन हजार तीनच्या चैत्रात, जत्रेच्या दिवशी दुपारी, नाटकाचा दुसरा अंक चालू असताना मेली. बाबू दोन हजार सातच्या आषाढात तापाने मेला.