ग्रेसचा एक मार्क

नोएडात तेव्हा सेक्टरांना आकडे होते, रस्त्यांना नावं नव्हती, आणि काचेच्या इमारती एकमेकींपासून इतक्या लांब उभ्या होत्या की मधल्या मोकळ्या जागेत खुशाल म्हशी चरत. अशाच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर डकवलेल्या निकालासमोर वैजयंती राजवाडे उभी होती आणि तिचे कान तापले होते.

वीसपैकी सतरा. आत मुलाखतीला जायला अठरा लागत होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पोराटोरांच्या रांगेत बसून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेची परीक्षा द्यायला आली होती, ती हौस म्हणून नव्हे. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात तिची उमेदीची वर्षं गेली. दोन हजार साल सुखरूप उजाडावं म्हणून त्या विभागाने वर्षभर जुने प्रोग्रॅम तपासले, दुरुस्त केले, सणवार पाहिले नाहीत. साल सुखरूप उजाडलं, साहेबांनी पेढे वाटले, आणि होळीच्या आत विभागाला कुलूप लागलं. तिचा नवरा जयंत कामाला होता तो फरीदाबादचा कारखाना त्याआधीच थंडावला होता. मग वैजयंतीने घरी बसून नवी भाषा शिकायला घेतली. ही नोकरी मिळाली तर फरीदाबादचं घर राहणार होतं. नाही तर बिऱ्हाड बांधून पुण्याला दिराच्या दोन खोल्यांत जायचं, आणि जाऊबाईंच्या कपाळावरची आठी रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची.

परीक्षा घेणारा हरीश गळ्यात ओळखपत्र अडकवून कागद आवरत होता. तनयाहून, म्हणजे तिच्या लेकीहून, चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

"मेरा पेपर दिखाना, बेटा."

"आंटीजी, पेपर वापस नहीं दिखाते."

"दिखाओगे. मेरा है."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने मुकाट्याने कागद काढून दिला. तीन फुल्या होत्या. दोन ठिकाणी तिचंच चुकलं होतं, घाई नडली होती. तिसरी फुली पाहून मात्र ती थबकली.

प्रश्न सोपा होता. एका नावाखाली 'दिल्ली' हा शब्द ठेवला होता. पुढच्या ओळीत त्याला 'नोएडा' जोडायला सांगितलं होतं. आता त्या नावाखाली काय छापून येईल? जावाची रीत अशी की एकदा केलेला शब्द बदलत नाही. त्याला काही जोडलं तर नवा शब्द तयार होतो, जुना होता तसाच राहतो, आणि नवा कुणी धरून ठेवला नाही तर तो वाऱ्यावर जातो. इथे तो कुणीच धरला नव्हता. वैजयंतीने 'दिल्ली' लिहिलं होतं. हरीशच्या हातातल्या उत्तरांच्या कागदावर 'दिल्ली नोएडा' होतं.

"ये गलत है," ती म्हणाली.

"आन्सर-की में यही है, मॅडम. सबने यही लिखा है."

"सबने लिखा तो सही हो गया? सामने मशीन है. चलाके देखो."

खोलीत निवड झालेली मुलं बसली होती, ती गोळा झाली. हरीशने नाइलाजाने चार ओळी टाइप केल्या. पडद्यावर शब्द उमटला: दिल्ली. बस्स, एवढाच.

मग मागून एक जण पुटपुटला, "अरे यार, सर ने तो यही करवाया था."

"कौनसे सर?"

कळलं ते असं. करोल बागेतल्या एका शिकवणीत जावाचे प्रश्न उत्तरांसकट पाठ करून घेत. झेरॉक्सवर झेरॉक्स निघत, पोरं मॅट्रिकच्या इतिहासासारखी घोकत. आणि या कंपनीने आपल्या परीक्षेचा पेपर काढायला त्याच शिकवणीच्या सरांना सांगितलं होतं! शिकवणारा तोच, पेपर काढणारा तोच, चूकही त्याचीच. आणि ती चूक ज्याने इमानाने पाठ केली तो पास.

"शाब्बास!" वैजयंती म्हणाली. "ज्यांना येतं ते बाहेर, ज्यांनी घोकलं ते आत. आणि हे म्हणे देशाचं नवं युग!" रागाच्या भरात ती मराठीत बोलत होती याचं तिला भान नव्हतं. "हरीश, की ठीक करो. सबके पेपर फिर से जांचो."

आता मात्र खोलीत गलका झाला. "आंटी, आपका हो गया ना, हमारा क्यों बिगाड़ रही हो?" "हम क्या करें, हमें जो पढ़ाया..."

त्या गलक्यातून एक सावळी मुलगी पुढे आली. "काकू, मी शिवांगी. लातूरची." ती हळू आवाजात बोलत होती. "यूपीएससीला आले होते, ते जमलं नाही. घरी सांगितलंय की कॉम्प्युटरमध्ये लागतेय. मला बरोबर अठरा आहेत. की बदलली तर..."

"अगं, पण तू समजून का नाही घेतलंस?"

"समजावलंच नाही कुणी. विचारलं तर सर म्हणायचे, टाइम वेस्ट मत करो."

वैजयंतीला तिचा राग येईना आणि राग तर मावेना.

हरीश आत जाऊन फोन करून आला. चेहरा उजळला होता. "हो गया, मॅडम. बाकी सब वैसा ही रहेगा, आपको एक मार्क ग्रेस." त्याने तिच्या कागदावर 'ग्रेस १' लिहिलं, सतरा खोडून अठरा केले. "यहां साइन कर दीजिए."

"ग्रेस? ग्रेस कमी पडणाऱ्याला देतात. मैंने सही लिखा है!"

"मॅडम, शब्द में क्या रखा है. आपका काम हो रहा है ना?"

"घ्या ना, काकू," शिवांगी म्हणाली. "तुमचंही होतं, माझंही राहतं."

वैजयंतीच्या डोळ्यांपुढे जाऊबाईंचं कपाळ आलं. तिने सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

आत मल्होत्रा नावाचे टायवाले साहेब बसले होते. त्यांनी तिचा अनुभव वाचला नाही, कागदाचा वरचा कोपरा वाचला.

"अच्छा, तो आप ग्रेस से आई हैं." ते गोड हसले. "कोई बात नहीं. इस उम्र में इतनी कोशिश बड़ी बात है. प्रोग्रॅमिंग तो मुश्किल होगा, डेटा एंट्री में बिठा देते हैं आपको. बैठे-बैठे काम है. तनख्वाह आधी होगी, पर टेन्शन भी नहीं."

"सर, वो मार्क ग्रेस का नहीं है. मेरा जवाब सही था. हरीश से पूछिए, मशीन पे चलाके देखा है."

"मॅडम, लिखा तो ग्रेस है. नीचे साइन भी आपकी है."

तिने टेबलावरून आपला कागद ओढला, 'ग्रेस १' वर आडवी रेघ मारली, अठराचे पुन्हा सतरा केले आणि सहीही खोडली.

"लीजिए. अब मैं आपके हिसाब से फेल हूं. आपके हिसाब से!"

बाहेर शिवांगी आपल्या नंबराची वाट बघत होती. वैजयंतीने जाता जाता तिच्या खांद्यावर थाप मारली. "आत जा. पण रात्री बसून तो प्रश्न नीट समजून घे. नाही तर हे लोक तुलाही असंच बसवतील कुठेतरी."

खाली जयंत स्कूटरला टेकून उभा होता. स्कूटरवर बसताच तिने सांगायला सुरुवात केली. कालिंदी कुंजच्या यमुनेवरच्या पुलापर्यंत तिचं सांगणं चालू होतं. हेल्मेटमुळे त्याला निम्मं ऐकू आलं, तेवढं पुरलं. पुलाच्या अलीकडे त्याने स्कूटर बाजूला घेतली.

"कमाल करतेस! एका शब्दापायी? सही केली होतीस ना, मग गप्प बसायचं. आत शिरल्यावर बघता आलं असतं."

"तुम्ही केलीत ना सही, कारखान्यात?" ती म्हणाली. "स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर. होती का तुमची स्वेच्छा?"

जयंतने इंजिन बंद केलं. ट्रकांची रांग पुलावर चढत होती. सहीच्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना एका खोलीत बसवलं होतं, दाराशी गार्ड उभे होते. हे त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

"नव्हती," तो म्हणाला. "अजिबात नव्हती. वर फोटो काढला हरामखोरांनी, हातात गुच्छ देऊन."

"मग?"

त्याने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "नीट सांग आता पहिल्यापासून. तो मल्होत्रा काय म्हणाला?"