गुरुवारी उपास करणारे खेकडे

श्रुतिकाला त्या जर्नलचा संशय पहिल्या दिवसापासून होता. विक्रोळीच्या खाडीत वर्षानुवर्षं चिखल तुडवून तिने खेकड्यांवर पीएचडीचं काम केलं होतं. आता थिसिस जमा करण्याआधी एक पेपर छापून यायला हवा होता, आणि तिचे गाईड श्यामसुंदर सर एकाच जर्नलचा जप करत बसले होते. "तिकडेच पाठव. लगेच घेतात."

लगेच का घेतात? एकाच अंकात विमा, आयुर्वेद, पुलांचं बांधकाम, सगळी खिचडी. संपादक म्हणून छापलेल्या माणसांचा कुठे पत्ताच लागेना. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. पण सर रुसले तर थिसिसवर सही कोण करणार?

तो गुरुवार होता, घरात मासे-खेकडे वर्ज्य. आई वरणाला फोडणी देत म्हणाली, "दिसभर कुर्ल्यो कुर्ल्यो करतंस, आज तरी तेंचा नाव घेव नको."

श्रुतिका हसली. लॅपटॉप उघडून तिने पेपरच्या मधोमध एक वाक्य घुसवलं : गुरुवारी खेकडे बिळाबाहेर येत नाहीत, कारण त्यांचा उपास असतो. जर्नलमध्ये कोणी वाचणारा असेल तर बोंबलेल. तिने पेपर पाठवून दिला, एक प्रत नेहमीप्रमाणे सरांना.

दोन दिवसांत उत्तर आलं. काम उत्कृष्ट, एकही दुरुस्ती नको.

घ्या. आता सरांना दाखवते, म्हणत ती कॉलेजात गेली. तिने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "अभिनंदन. बघ, मी म्हटलं होतं ना? मीपण शब्द न् शब्द वाचला."

श्रुतिकाने हळूच विचारलं, "गुरुवारचं पटलं का सर?"

"ते तर सगळ्यात मोलाचं. थिसिसमध्येही घाल."

संशय तिला जर्नलचा होता, सरांचा कधीच नव्हता. प्रत्येक प्रकरणाखाली त्यांनी 'छान' लिहिलं होतं, आणि त्या एका शब्दावर ती घरभर मिरवत आली होती. त्यातलं एक तरी 'छान' खरं होतं का? तिला रडूच यायला लागलं.

तिने पेपर मागे घेतला. सरांनी बोलणं टाकलं. उपासाचं वाक्य काढून तिने तो अशा जर्नलला पाठवला, जिथे वर्ष जातं आणि बहुतेकांना नकारच मिळतो.

"मगे थय कित्याक धाडलंस?" आईने विचारलं.

"नाही म्हणायला तरी," श्रुतिका म्हणाली, "कोणीतरी वाचेल गं."