हिरवी ट्यूब

गालांवर हिरवं क्रीम थापून काका पंख्याखाली बसले होते आणि ते वाळायची वाट बघत होते. पंखा गरगरत होता, क्रीम काही वाळत नव्हतं.

रंगाच्या दुकानात उभी हयात गेलेला माणूस ओल्या रंगावर कधी विश्वास ठेवत नाही. ओला रंग खोटं बोलतो, खरी शेड वाळल्यावर कळते. दुकानात शेड मिसळायचं काम काकांचं. गिऱ्हाइकानं पडद्याचा तुकडा पुढे करावा आणि काकांनी तोच रंग डब्यात उतरवून द्यावा. लाल डोईजड झाला की हिरव्याचा थेंब टाकायचा, लाल मुकाट्यानं खाली बसतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यामुळे सकाळी आरशापाशी ती हिरवी ट्यूब दिसली, तिच्यावर 'चेहऱ्याची लाली झाकण्यासाठी' असं वाचलं, तेव्हा ती कशासाठी आहे हे त्यांना लगेच कळलं. कोणासाठी आहे तेही कळलं.

कारण काकांचं तोंड लाल होतं. नाक, दोन्ही गाल, हनुवटी, सगळं पिकलेल्या टोमॅटोसारखं. डॉक्टर म्हणाले होते की कातडीच तशी आहे, घाबरायचं कारण नाही. पण लोक काही डॉक्टरांना विचारायला जात नाहीत. काकांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी शेजारच्या मास्तरांनी एकदा त्यांना जिन्यात गाठून, खांद्यावर हात ठेवून, "आता सोडा," असं कळवळून सांगितलं होतं. माणूस चांगला, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून काकांनी "सोडली" म्हणून टाकलं. तेव्हापासून मास्तर एका माणसाला मार्गी लावल्याचं सगळ्यांना सांगत असतात.

एरवी काका हे सगळं हसण्यावारी नेत. पण आज चार वाजता लेकीचा मित्र त्याच्या आईला घेऊन येणार होता. लग्न करायचं त्या दोघांनी ठरवलंच होतं, आता मोठ्यांनी एकमेकांना भेटायचं होतं. तिची आई वारल्यापासून लेकीच्या बाजूनं मोठं म्हणावं असं काकांशिवाय कोणी नव्हतं. आणि नेमकी आजच ही ट्यूब आरशापाशी.

काकांना वाईट वाटलं. सांगायचं होतं तर तोंडानं सांगायचं, असं आडून कशाला? मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. पोरीचं काय चुकलं? ती बाई दारातच हे तोंड बघेल आणि मनाशी काय ते ठरवून टाकेल. आपल्या थोबाडापायी पोरीचं बिनसायला नको. लेक बिस्किटं आणायला बाहेर पडल्यावर त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं, पिवळ्या दिव्याखाली उभं राहून भिंतीला पुट्टी भरावी तशी ट्यूब गालांवर भरली आणि येऊन पंख्याखाली बसले.

लेक परत आली आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"वाळतंय."

"काय वाळतंय?"

"पहिला हात. वाळला की दुसरा देतो, मग बसेल."

लेक मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. दिवसाच्या उजेडात काका वरून पोपटी आणि कानांपाशी लाल दिसत होते. "अख्खी ट्यूब संपवलीस की माझी," ती कशीबशी म्हणाली.

"तुझी? माझ्यासाठी ठेवली होतीस ना?"

तिचं हसू थांबलं. "तुझ्यासाठी कशाला ठेवेन? कॉलेजपासून मीच लावते."

तिनं टॉवेलचं टोक ओलं केलं आणि स्वतःचा एक गाल पुसून काढला. खालून काकांचाच गाल निघाला. नाकाच्या बाजूनं सुरू होऊन डोळ्याखाली पसरलेली तीच लाली. दोन पांढऱ्यांमधला फरक ज्यांना लांबून दिसतो, त्या काकांना घरातल्या घरात हे दिसलं नव्हतं.

"माझ्याकडूनच आलं हे तुला," ते म्हणाले. "सांगितलं का नाहीस?"

"हेच म्हणाला असतास म्हणून." कॉलेजात पहिल्या आठवड्यात सरांनी ताप आला समजून तिला घरी पाठवलं होतं, आणि तिनंही निमूटपणे सुट्टी घेतली होती, असं तिनं हसत सांगितलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात ही स्वस्तातली ट्यूब मिळाली. महागड्याही लावून बघितल्या, पण काम हीच करते.

काका खाली बघत होते. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"लाज वाटली असती तर त्यांना घरी बोलावलं असतं? हॉटेलात भेटलो असतो."

काकांचे डोळे भरून आले, तशी लेक म्हणाली की आता रडू नको, सगळं वाहून जाईल.

तिनं त्यांना खिडकीपाशी बसवलं, तोंड पुसून घेतलं आणि ट्यूब पिळपिळून उरलंसुरलं बाहेर काढलं. ही भिंत नाही, मुगाच्या दाण्याएवढं पुरतं, घासायचं नाही, बोटानं थोपटायचं, आणि फक्त लाल आहे तिथंच. त्यावर कातडीच्या रंगाच्या पावडरीचा हलका हात. काका डोळे मिटून मुकाट बसले होते, पण गप्प राहवेना. "तुझी वरची शेड गुलाबीकडे जाते," ते म्हणाले, "पुढच्या वेळी जरा पिवळसर घे." लेकीनं डबी उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. उरलेला दाणा तिनं स्वतःच्या पुसलेल्या गालावर लावला. काकांनी आरसा घेतला. बरे दिसत होते की! त्यांनी आरसा लवकर खाली ठेवला नाही.

चारला पाहुणे आले. मुलाच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि बाई मोठ्या गप्पिष्ट होत्या. कापड आणि रंग यांवरून दोघांची अशी काही गट्टी जमली की मुलं बाजूलाच राहिली. चहा वाफाळता होता. खोलीत ऊन आलेलं, त्यात हसणं, त्यात गरम चहा. काकांना गाल तापत चालल्याचं कळत होतं. पावडरीला न जुमानता लाली वर येत होती. समोर लेकीचीही तीच गत झाली होती.

बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, मग लेकीकडे, मग पुन्हा काकांकडे. काकांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"आत्ता लक्षात आलं बघा माझ्या," बाई म्हणाल्या. "मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय."

आजवर सगळे तिला आईवर गेली म्हणायचे. काकाही तेच म्हणत आले होते. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"हो," लेक म्हणाली, "बाबांवरच गेलेय." आणि तिनं किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

काकांनी गालावरचा हात खाली घेतला, कप उचलला आणि खिडकीच्या उन्हाकडे तोंड करून तो गरम चहा सावकाश पीत बसले.