एका पॉइंटचा आठवडा

भोंगा वाजून गेला होता आणि चेंडू माझ्या नवऱ्याच्या हातात होता.

मैदानाच्या कडेला चहाच्या शेडमध्ये आम्ही सात-आठ जणी हातातलं काम टाकून खिडकीशी धावलो. आमचं कुरबिन एका पॉइंटने मागे होतं. मर्वने भोंग्याच्या आधी चेंडू हवेत झेलला होता, म्हणून त्याला अजून एक लाथ मिळणार होती. ती मारली की मॅच संपली. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा पॉइंट, आणि पंचवीस वर्षांनी ग्रँड फायनल आमची. बाजूच्या फटीतून गेला तर एक पॉइंट, म्हणजे बरोबरी. तिथूनही हुकला तर मुकाट्याने घरी जायचं. मैदानाभोवती गाड्या नाकं आत करून उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. आमच्याकडे गोल झाला की टाळ्या वाजवत नाहीत, हॉर्न वाजवतात.

"थेल्मा, बघतेयस ना गं?" माझी शेजारीण डॉट म्हणाली.

"नाही, स्कोनच्या पावांना लोणी लावतेय," मी म्हणाले. लोण्याची सुरी मी कधीच टाकून आले होते आणि तिला ते दिसत होतं.

मर्व तेव्हा चौतीस वर्षांचा होता. रेल्वेत गँगमन, आठवडाभर रुळांखालचे ओंडके बदलायचे आणि शनिवारी फुटबॉल, आमचा ऑस्ट्रेलियातला, हातांनी झेलायचा. चौदा हंगाम त्याने कुरबिनसाठी काढले. नाक दोनदा मोडलं, एक दात कायमचा गेला. बासष्टच्या त्या सप्टेंबरपर्यंत त्याला ग्रँड फायनल जिंकायला मिळाली नव्हती आणि पुढच्या वर्षी गुडघे साथ देणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

त्याने चार पावलं मागे घेतली आणि धावत येऊन लाथ मारली. चेंडू निघाला सरळ. मग उत्तरेकडून येणाऱ्या त्या धुळकट वाऱ्याने त्याला अलगद बाजूला नेलं. पांढऱ्या कोटातल्या पंचाने खाली वाकून एकच झेंडा उचलला. गोलाला दोन झेंडे, पॉइंटला एक.

एकही हॉर्न वाजला नाही. आनंद करावा की रडावं, कोणाला कळेना. तिकडच्या एका ट्रकने हॉर्न सुरू केला आणि लाजून मध्येच थांबवला. छत्तीस दमलेले गडी मैदानात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि पुढे काय करायचं ते त्यांना कोणी सांगत नव्हतं.

शेवटी लीगचे सेक्रेटरी एका ट्रकच्या हौद्यात चढले आणि ओरडले, "येत्या शनिवारी पुन्हा! हेच मैदान, हीच वेळ!"

रीतच होती ती. अठ्ठेचाळीस साली मेलबर्नला एवढी मोठी ग्रँड फायनल बरोबरीत सुटली, तेव्हा तीसुद्धा पुढच्या शनिवारी पुन्हा खेळले होते. मग गव्हाच्या गावांनी काय वेगळं करायचं?

"म्हणजे पुन्हा तीनशे स्कोन?" डॉट मटकन खुर्चीत बसली.

त्या आठवड्यात गावाला दुसरा विषय नव्हता. मर्वने मॅच वाचवली की घालवली? सोमवारी आम्ही खाटकाकडे गेलो तर तो सुरी पुसत म्हणाला, "मर्व, अर्धा यार्ड डावीकडे गेला असता ना, तर आज मटण फुकट दिलं असतं लेका."

"आणि अर्धा यार्ड उजवीकडे गेला असता तर?" मी विचारलं.

"मग पैसे देऊनही दिलं नसतं."

मर्व हसला. तो कायम हसतोच. मला मात्र हे अर्ध्या यार्डवाले शहाणे डोक्यात जात होते. त्यातल्या निम्म्यांना चाळीस यार्डांवरून स्वतःचं घर दिसत नाही.

मंगळवारी दुसरी बातमी आली. नील ब्रॉडफूट खेळायला तयार आहे. नील म्हणजे दुकानवाल्या ब्रॉडफूटचा वीस वर्षांचा मुलगा. महिन्यापूर्वी त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, म्हणून पहिल्या फायनलला तो गळ्यात झोळी अडकवून कुंपणाशी उभा होता. आता डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं. पोरगा चांगला खेळायचा, खोटं कशाला बोलू? चेंडू त्याच्या हातांना चिकटायचा. मला आनंदच झाला. कोणीतरी कच्चं पोर बाहेर बसेल आणि नील आत येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाईमाणसाला फुटबॉलमधलं काय कळतं!

गुरुवारी सराव संपला की सगळे हॉलमध्ये जमायचे, आम्ही बायका सूप वाढायचो आणि कोच शनिवारची नावं वाचायचा. कोच रेज मॅकलिश शाळेत गणित शिकवायचा आणि नावंही पाढे म्हटल्यासारखी वाचायचा. मागच्या फळीपासून सुरुवात, तीन-तीन नावं, पुढच्या फळीपर्यंत. मर्व सगळ्यात पुढे खेळायचा, म्हणून त्याचं नाव शेवटी शेवटी यायचं. चौदा वर्षं मी ते सूप वाढता वाढता ऐकत आले होते.

"फॉरवर्ड पॉकेट, ब्रॉडफूट," रेज म्हणाला.

ती गोलापाशीची जागा मर्वची होती. माझ्या हातातला सूपचा डाव तसाच राहिला. मला वाटलं, मर्वला राखीव ठेवलाय. रेजने एकोणिसावं नाव वाचलं, विसावं वाचलं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"रेज, एक नाव राहिलं," मी मोठ्याने म्हणाले.

हॉलमधले सगळे चमचे थांबले.

"नाही राहिलं, थेल्मा."

"परत बघ. गणिताचा मास्तर ना तू?"

"हे बघ, शेवटच्या पावतासात तो पाय ओढत होता. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाय ओढत ओढत झेलला त्यानं तो चेंडू! तुझी ती पोरं तेव्हा कुठं होती? त्यानं तो पॉइंट काढला नसता तर आज तुम्ही इथं बसला असता काय सूप ओरपत? घरी बसून नांगराला ग्रीस लावत असता. हा आठवडा कोणी दिला तुम्हाला? त्या पोराचं हाड जुळायला हा आठवडा कोणी दिला?"

नील खाली मान घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मर्वचे उपकार आम्ही कोणी विसरणार नाही," रेज म्हणाला.

"उपकार सूपमध्ये घाल आणि पी."

एवढ्यात मर्व उठून माझ्याजवळ आला आणि माझ्या हातातला डाव त्याने काढून घेतला. "थेल्मा, लोकांचं सूप गार होतंय," तो हळूच म्हणाला, आणि रांगेत उभ्या असलेल्या पोरांना स्वतः वाढायला लागला. रेजलासुद्धा वाढलं त्याने. मला रेजचा राग आला होता, पण त्या क्षणी मर्वचा आला तेवढा जन्मात कोणाचा आला नव्हता.

घरी जाताना मी गाडीत त्याला धारेवर धरलं. "तोंडात मारल्यासारखा गप्प का बसलास?"

"काय बोलू? पोरगं माझ्याहून चांगलं आहे."

"आणि गेल्या शनिवारी कोण चांगलं होतं?"

त्याने गिअर बदलला. "गेल्या शनिवारी मी होतो," तो म्हणाला.

शुक्रवारी आम्ही जेवून उठत होतो तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. टोपी हातात घेऊन नील उभा होता.

"मिसेस टिपिंग, मर्व आहे का घरात?"

"आहे. घरातून अजून वगळलेला नाही त्याला."

पोरगा तिथूनच परत फिरला असता, पण मर्वने आतून हाक मारली. नील खुर्चीच्या टोकावर बसला. रेजला आपण नको म्हणायला हवं होतं, असं काहीतरी तो पुटपुटायला लागला.

"वेडा आहेस का रे?" मर्व म्हणाला. "वीस वर्षांचा असताना मी नको म्हटलं असतं होय? बोल, कशासाठी आलास?"

नील आला होता समोरच्या संघाच्या फुलबॅकबद्दल, म्हणजे गोल राखणाऱ्या शेवटच्या गड्याबद्दल विचारायला. ऑस्लर नावाचा तो धिप्पाड गडी मर्वने पुरा एक सामना अंगावर घेतला होता. मला वाटलं, आता तरी मर्व म्हणेल, जा, विचार तुझ्या रेजला. त्याने काय करावं? मिठाची बरणी आणि सॉसची बाटली पुढे ओढली.

"हा ऑस्लर," त्याने बाटली ठेवली. "हा तू. चेंडू वर असला की तो उजव्या खांद्याने रेटतो. पंचाला दिसत नाही. तू त्याच्याशी ताकद लावायला जाऊ नकोस, हाड परत मोडून घेशील. तो रेटणार असं वाटलं की अर्धं पाऊल मागे ये. तो आपल्याच जोराने तोंडावर पडतो."

"तुला कधी कळलं हे?"

"तिसऱ्या पावतासात. तोवर माझ्या बरगड्यांनी बराच अभ्यास केला होता."

दोघं हसले. मी नीलसमोर चहा आदळला. सोबत काही दिलं नाही. घरात स्कोनचा डोंगर होता, पण त्याला एक दिला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

शनिवारी आम्ही एक्केचाळीस पॉइंटने जिंकलो. नीलने चार गोल मारले. तिसऱ्या गोलाच्या वेळी तो अर्धं पाऊल मागे आला आणि ऑस्लर सगळ्या गावासमोर जमिनीवर आडवा झाला. गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ केला. मी आमच्या गाडीत हात मांडीवर ठेवून बसले होते. डॉटने माझ्या अंगावरून वाकून आमचा हॉर्न दाबला, तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली. मर्व कुंपणाशी पोरांचे कोट सांभाळत उभा होता. प्रत्येक गोलाला टाळ्या वाजवणारा त्या मैदानावर तो एकटाच.

मॅचनंतर पॅव्हिलियनच्या पायऱ्यांवर फोटो काढायचं ठरलं. वर्तमानपत्राचा फोटोवाला लांबून आला होता. गडी चिखलाचे, हसणारे, गळ्यात गळे घालून उभे राहिले. कोणीतरी मर्वला हात धरून ओढलं, "ये रे म्हाताऱ्या, तुझ्याशिवाय कसला फोटो!" आणि तो नीलच्या शेजारी जाऊन उभा राहिला. माझा राग तेवढ्यापुरता खाली बसला, हे मी कबूल करते.

फोटोवाल्याने बोटाने मोजलं. मग वहीत बघून पुन्हा मोजलं. "वीस नावं दिलीत मला आणि एकवीस दिसतायत. आज न खेळलेलं कोण आहे?"

त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याला काय ठाऊक! पण ते वीस जण आणि बाजूला उभा असलेला कोच, त्यांना ठाऊक होतं. एकाने जरी म्हटलं असतं, असू दे तो, लिही त्याचंही नाव, तर काय बिघडलं असतं? सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. नीलसुद्धा.

"मी," मर्व म्हणाला आणि खाली उतरला. फोटोवाल्याच्या बाजूला येऊन त्याने वर बघितलं. "अरे जवळ सरका जरा," तो म्हणाला, "मध्ये फट दिसतेय."

ते सरकले आणि फोटो निघाला.

त्या वीस जणांची नावं हॉलच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत लागली. आजही आहेत. मर्वचं नाव तिथे घाला म्हणून मी क्लबच्या पाच सेक्रेटऱ्यांशी भांडले. पहिला म्हणाला, जे जिंकले त्यांचीच नावं लिहितात. दुसरा म्हणाला, बरोबरीच्या मॅचला फळा नसतो, थेल्मा. उरलेल्या तिघांनी मी दिसले की रस्ता बदलायला सुरुवात केली. नील पुढे क्लबचा अध्यक्ष झाला, तेव्हा तो स्वतः घरी आला होता. फळ्याखाली एक छोटी पट्टी लावू म्हणाला. मर्वने त्याला मासेमारीबद्दल काहीतरी विचारलं आणि विषय तिथेच बुडवला. मी भांडले की मर्व म्हणायचा, "सोड ना आता." मला वाटायचं, याच्या अंगात रागच नाही. देवाने याच्या वाटचाही मला दिला.

मग नव्वद साली मेलबर्न शहरातली एक फायनल बरोबरीत सुटली. ती पुन्हा खेळवायची म्हणून सगळ्यांच्या सगळ्या मॅचेस आठवडाभर पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा तिकडच्या साहेबांना जाग आली. शहराने नियम बदलला की आमची लीगही बदलते. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या वर्तमानपत्रात आलं: यापुढे आमच्या लीगची कुठलीही फायनल बरोबरीत सुटली, तर त्याच दिवशी, तेच गडी, पाच-पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी जादा खेळतील आणि निकाल लावतील.

मर्व मागच्या पायरीवर बसून मुरंब्यासाठी जर्दाळू कापत होता. बासष्ट वर्षांचा झाला होता, रेल्वेतून सुटला होता. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "घ्या! इतक्या वर्षांनी अक्कल आली मेल्यांना."

त्याची सुरी थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, सोड ना.

"दहा मिनिटं," तो म्हणाला.

"काय?"

"दहा मिनिटं पळालो असतो मी." त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. "त्या दिवशी अजून दहा मिनिटं मी पळालो असतो, थेल्मा. वीस म्हटली असती तर वीस. कोणी विचारायला तर हवं होतं."

त्याची मूठ सुरीवर इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. एवढी वर्षं मी सगळ्या गावाला उत्तरं देत आले होते.

मी आतून दुसरी सुरी आणली आणि त्याच्या शेजारी बसून जर्दाळू कापायला घेतले.